बिनविजेची इस्त्री

माझ्या दुकानाच्या दाराला जी जुनी फळी आहे, तिच्यावर छातीच्या उंचीला एका हाताचा जळका ठसा आहे. पाची बोटं स्पष्ट, अंगठ्याखालचा उंचवटासुद्धा. किल्ल्या करून घ्यायला येणारे विचारतात, काय हो, आग लागली होती का? मी म्हणतो, आग नव्हे, समोरच्या वहिनी. एकदा इथे हात टेकून उभ्या राहिल्या होत्या. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल नाक लावून वास घ्यावा, अजून येतो. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा आग्रह मी कुणालाच करत नाही. माझी बायको ठेवत नाही, आणि तिचं आजवर काही अडलेलं नाही.

समोर इस्त्रीचं दुकान. त्यात चार माणसं. वहिनी टेबलापाशी उभ्या. त्यांचे यजमान खुर्चीत. दुकानातली ती एकुलती एक खुर्ची ते कधी सोडत नसत, म्हणून सगळी गल्ली त्यांना मालक म्हणायची. सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर, कपड्यांना चिठ्ठ्या टाचत. आणि वहिनींचे दीर, ज्यांना सगळे धाकटे म्हणत, ते बाहेर फिरून कामं आणत. धाकट्यांचं डोकं फार चालायचं. इतकं चालायचं, की घरात बाकीच्यांनी आपापली डोकी गुंडाळून ठेवली होती.

पूर्वी तिथेही चारचौघांसारखी विजेचीच इस्त्री होती. एका दुपारी तिच्या पोटातली तार जळाली. टेबलावर शाळेच्या बँडचे पांढरे गणवेश, संध्याकाळी द्यायचे. वहिनी सकाळपासून उभ्या. त्या म्हणाल्या, "इस्त्री दुरुस्त होऊन येईपर्यंत मी जरा बसते."

मालकांनी वर्तमानपत्र खाली न करता म्हटलं, "बस की. कोण नको म्हणतंय? पण दिवसभर नुसतं उभं तर राहायचं असतं, त्यात दमतेस कशाने?"

माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण म्हणतो. जाते, आणि तिथून तोंडावाटे बाहेर पडते. चार शब्द बोललं की माणूस मोकळा. वहिनींच्या तोंडाला त्या घरात ती सोय नव्हती. त्यांनी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या, "हळू बोल, गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक नसलं की म्हणायच्या, "हळू बोल, येईल एखादं." त्यामुळे आग वर निघाली, गळ्यापाशी अडली, जरा घोटाळली, आणि खांद्यावरून वळून दोन्ही हातांत उतरली.

वहिनींनी ती मेलेली इस्त्री उचलली आणि नुसत्या त्वेषाने एका बाहीवरून फिरवली. बाहीची घडी अशी बसली की तिने भाजी चिरावी.

इस्त्रीवाल्यांची जुनी रीत आहे. इस्त्री तापली का ते बघायला बोट ओलं करून तिला टेकवायचं. चर्र झालं की कापड पुढे घ्यायचं. धाकटे नेमके तेव्हा आत आले. त्यांनी घडी पाहिली. बोट ओलं करून इस्त्रीला लावलं. चर्र. मग त्यांची नजर जमिनीवर लोळत पडलेल्या वायरीकडे गेली, तिथून वहिनींच्या हाताकडे. त्यांनी पुन्हा बोट ओलं केलं आणि वहिनींच्या मनगटाला लावलं.

चर्र.

दुसरा कुणी असता तर त्याने डॉक्टरला बोलावलं असतं. धाकट्यांनी ओतारी बोलावला. भरीव पितळेची इस्त्री ओतून घेतली, मूठसुद्धा पितळेची, म्हणजे हातातली उष्णता मध्ये कुठे अडायला नको. भिंतीतले प्लग काढून तिथे गिलावा केला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वीज कशाला विकत घ्यायची? घरची आहे."

आणि ती घरची वीज चालू कशी ठेवायची, याचीही त्यांनी सोय लावली. मी समोर बसून कानस घासत बघत होतो, तरी मला कळायला फार वेळ लागला. मला वाटायचं, माणसं स्वभावाने वाईट आहेत. स्वभावाने वाईट असती तरी बरं होतं. ही कामात चोख होती.

रेशमी कपडे आले की आच मंद लागते. तेव्हा सासूबाई स्टुलावरून नुसता एक उसासा सोडत. सुती शर्ट आले की वहिनींचं माहेर काढत. जीनसारखं जाड काही आलं की मालक चहाचा कप न पिताच परत पाठवत आणि म्हणत, "कोमट." आणि हॉटेलचे दुहेरी पडदे आले, ज्यांना भट्टीसारखी आच पाहिजे, की धाकटे स्वतः आत येत, वहिनींसमोर उभे राहत आणि मऊ आवाजात म्हणत, "वहिनी, तुम्ही जरा शांत व्हा बरं."

एवढं म्हटलं की पडदे पलीकडच्या बाजूनेसुद्धा इस्त्री होत.

वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपलं घर हे असं आहे आणि आपण ह्या अशा आहोत. हाताला सतत चटका, म्हणून कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत. भांडी हातात घेतली की रस्सा आपोआप उकळे. लोक हसत. वहिनीही हसत, कारण दुसरं काय करणार.

त्यांना एकच लेक. तिचं लग्न होऊन ती त्याच शहरात पुलापलीकडे राहायची. तिला मूल झालं. मुलगी. वहिनी प्रसूतिगृहात गेल्या, नवं धुतलेलं दुपटं घेऊन. निघताना मालक म्हणाले होते, "लवकर ये, पडदे आलेत. मूल काय, ते कुठे पळून जातंय." तेवढ्यावर हात तापलेलेच होते. नर्सने बाळ पुढे केलं, वहिनींनी हात लावला, आणि दुपट्याचा काठ त्यांच्या अंगठ्याखाली तपकिरी झाला.

लेकीने बाळ ओढून घेतलं. रागाने नाही. रागाने घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या.

"आई, नको. हात नको लावूस."

पलीकडे विहीणबाई बसल्या होत्या. त्यांचे हात मळलेल्या कणकेसारखे गार आणि ओलसर. बाळ त्यांच्याकडे गेलं. वहिनींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखं वाकून वाकून आपल्या नातीला पाहिलं.

"रविवारी सोडणार आहेत," लेक म्हणाली. "मला तुझ्याकडे यायचंय राहायला. तुझ्या हाताखाली वाढलेय मी, मला माहितीये ते. पण ही फार लहान आहे गं. जमलं तर येते, नाहीतर सासरी जाते आणि मग ही मोठी होईपर्यंत तू लांबूनच बघ."

"मी काय करू?"

"राग सोड."

"सोडते. पण ठेवू कुठे?"

मग लेक तेच म्हणाली जे अशा वेळी सगळे म्हणतात. एक सर आहेत, श्वास शिकवतात.

आता या श्वास शिकवणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. माणूस जन्मल्याबरोबर जे फुकट करायला लागतो ते पुन्हा शिकवायला अंगात काहीतरी असावंच लागतं. सर एका कार्यालयाच्या वरच्या सभागृहात शिकवायचे. पांढराशुभ्र सदरा. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर पांघरूण पडतंय. समोर पंचवीस-तीस माणसं निळ्या रबरी चटयांवर डोळे मिटून बसलेली. वहिनी मागच्या रांगेत बसल्या, मांडीवर हात उताणे ठेवून, म्हणजे कशाला लागायला नकोत.

सर म्हणाले, "राग म्हणजे पाहुणा. त्याला येऊ द्या, बसू द्या, जाऊ द्या."

वहिनींनी डोळे उघडले. "बसू द्या म्हणता, मग चहा कोण करणार?"

दोघे-तिघे हसले. सर म्हणाले, "ताई, प्रश्न नको. फक्त या क्षणात राहा."

"या क्षणात माझ्या दुकानात पडद्यांचा ढीग पडलाय."

"तो ढीग मनातून काढून टाका."

"टाकला. आता तो इस्त्री झाला का?"

सर माणूस चांगला होता, पण किती झालं तरी माणूस. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आधी शांत व्हा."

वहिनींचे हात चटईवर टेकले होते एवढंच. रबर आधी मऊ झालं, मग त्याला बुडबुडे आले, मग धूर. आणि सभागृहातली सगळी माणसं नेमकी दीर्घ श्वास घेत होती, त्यामुळे एकालाही धूर कमी पडला नाही. जिन्यावर अशी रीघ लागली की शांतीसाठी आलेल्या माणसांनी एकमेकांच्या चपला तुडवल्या.

सर वहिनींना खालपर्यंत सोडायला आले. खोकत होते. खोकताना त्यांचा आवाज साधा झाला, पांघरूण कुठे गळून पडलं. ते म्हणाले, "खरं सांगू का ताई, मलाही जमत नाही. बायकोशी भांडण झालं की मी भांडी आपटतो."

"मग?"

"मग आपटलेली भांडी मलाच घासावी लागतात. घासताना मात्र थोडं बरं वाटतं. का ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर त्याचाही वर्ग काढला असता."

वर्ग असा अर्ध्यात आटोपल्यामुळे वहिनी ठरल्या वेळेच्या आधी परत आल्या. पुढून गेलं तर सासूबाई विचारणार, म्हणून मागच्या बोळातून गेल्या. मागचं दार नुसतं लोटलेलं. आत तिघं बोलत होते.

"उद्या मी काय बोलू?" हे मालक. "चहा कोमट आहे हे आता तिला लागत नाही. काल तीनदा म्हटलं, इस्त्री नुसती उबदार."

"माहेर काढून काढून माझंही तोंड विटलंय," सासूबाई म्हणाल्या. "बिचारी तिची आई साधी बाई होती. मला लोणी-साखर द्यायची गेले की. किती नावं ठेवू तिला?"

"चालणार नाही आई," धाकटे म्हणाले. "रविवारी हॉटेलच्या चादरी द्यायच्यात. संध्याकाळी गाडी येणार. जुन्या गोष्टींवर एवढी आच मिळणार नाही. नवीन काहीतरी पाहिजे." त्यांचं डोकं चालत असणार. "पोरीचं बोला. स्वतःच्या नातीला हात लावता येत नाही, ते बोला. बघा, पितळ वितळेल."

"ते नको," सासूबाई म्हणाल्या.

"चादरी किती आहेत बघितलंस का आई," मालक म्हणाले.

आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत.

वहिनी बोळातून निघाल्या त्या रस्ता ओलांडून माझ्या दारात आल्या, आणि फळीला हात टेकून उभ्या राहिल्या. मी कानस खाली ठेवली. फळीतून धूर येत होता आणि त्यांच्या लक्षात नव्हतं. मी म्हणणार होतो, वहिनी, शांत व्हा. देवाने बुद्धी दिली आणि मी जीभ चावली, नाहीतर आज हे सांगायला दुकान राहिलं नसतं.

"कुलूपकाका," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं, ही माणसं माझ्याशी भांडतात. भांडत नव्हती हो. फुंकर मारत होती. मला चूल समजत होती ही."

मी खुर्ची पुढे केली. लोखंडी होती म्हणून वाचली. त्या थोडा वेळ बसल्या, पिशवीतून एक लहान गाठोडं काढलं. लेकीने दिलेली बाळाची झबली, धुऊन इस्त्री करून आणायला. मुद्दाम दिली असतील, आईला काहीतरी काम द्यावं म्हणून.

"चादरी रविवारी का?" त्या म्हणाल्या. "बरं." आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात अजून कुणी आलेलं नव्हतं. वहिनींनी पहिलं झबलं टेबलावर पसरलं. तुम्ही बाळाचं झबलं इस्त्रीशेजारी ठेवून कधी बघितलंय का? इस्त्री मोठी असते. वहिनींच्या डोक्यात आदल्या दिवशीचं बोलणं होतं. पितळ वितळेल. इस्त्री टेकवली मात्र, झबलं नाहीसं झालं. जळालंसुद्धा नाही, होतं आणि नव्हतं. टेबलावर फक्त एक नाडी राहिली.

दुसऱ्या झबल्याला पुढून भोक पडलं. त्या भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं आणि त्या लाकडाकडे बघत वहिनी उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांनी ती पितळी इस्त्री इतक्या जोरात बाजूला ठेवली की समोर माझ्या खिळ्याला लटकवलेल्या सगळ्या किल्ल्या वाजल्या.

तिसरं झबलं त्यांनी नुसत्या हाताने घेतलं.

मलमलीचं होतं. खांद्यावर एक शिवण, घाईत घातलेली, मध्येच वाकडी गेलेली. जिथे ती वाकली होती तिथे कापड जरा चुणलं होतं. वहिनींनी बोटाने ती चुणी धरली. इथून इथपर्यंत सरळ, मग एक टाका आडवा, मग गाठ. गाठीला एक धागा सुटलेला. तेवढं बघेपर्यंत त्यांचा अंगठा कापडावर होता आणि कापडाला काही झालं नव्हतं. चुणी बसली होती. मग त्यांना आठवलं, "चादरी किती आहेत बघितलंस का आई." अंगठ्याखाली पिवळा डाग.

त्यांनी शिव्या दिल्या. कुणाला, ते विचारू नका, सगळ्यांना पुरतील इतक्या दिल्या. आणि पुन्हा शिवण धरली.

वहिनींनी नंतर मला सांगितलं, राग काही गेला नव्हता. तो तिथेच स्टुलावर बसून होता, सासूबाईंसारखा, आणि बोलत होता. सगळं खरंच बोलत होता. खोटं बोलला असता तर हाकलता आला असता. त्याचं तोंड बंद करायला गेलं की हात तापत. त्याचं ऐकत बसलं की हात तापत. पण शिवण कुठे वळते हे बघत राहिलं, की तो बोलत राही आणि हात आपल्या कामावर राहत. हातांना एका वेळी एकच गोष्ट जमते, त्या म्हणाल्या, आणि ते त्यांचं बरंच आहे.

चौथं झबलं फिकट पिवळं झालं. पाचवं दुधाळ. तेवढ्यात सासूबाई आल्या, स्टुलावर बसल्या, शर्टांचा गठ्ठा बघून म्हणाल्या, "तुझ्या आईने काही वळण लावलं असतं तर." वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला लोणी-साखर द्यायची ना ती?" आणि सासूबाईंच्या हातातली टाचणी पडली.

रविवार उजाडला तेव्हा चादरी दुकानात मावत नव्हत्या. पायरीवर, स्टुलाखाली, मालकांच्या खुर्चीभोवती. आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. मांडीवर ते तिसरं झबलं, त्याचा सुटलेला धागा सुईने आत घेत होत्या. मालक शेजारी उभे. उभं कसं राहायचं असतं ते त्यांना आठवत नव्हतं, कधी या पायावर, कधी त्या पायावर.

"धर की इस्त्री," ते म्हणाले.

वहिनींनी डाव्या हाताने इस्त्रीची मूठ धरली. धाकट्यांनी बोट ओलं करून लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. इस्त्रीला नुसतं बोट उमटलं.

"चहा कोमट होता सकाळी," मालक म्हणाले.

"होता. मीच ठेवला होता तसा. मला तुमच्यासाठी पुन्हा उकळायचा नव्हता."

"उत्तरं द्यायला लागली," सासूबाई म्हणाल्या. "हेच शिकवलं तुझ्या..." आणि मध्येच थांबल्या, कारण लोणी-साखर आडवी आली.

"हळू बोला, गिऱ्हाईक आहे," वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे मान करून. मी एका कुलपात डोळा घातला.

मग धाकटे पुढे आले. खाली वाकले. तो मऊ आवाज. "वहिनी, तुम्ही जरा शांत व्हा बरं."

"झालेय," वहिनी म्हणाल्या. आणि सुई ओढून घेतली.

धाकट्यांचं डोकं चाललं. मला समोरून दिसत होतं चालताना. संध्याकाळची गाडी, चादरी, भिंतीतले बुजवलेले प्लग. गावातली कुठलीही दुसरी इस्त्री त्या दुकानात आणली तरी तिची वायर लावायला जागा नव्हती. त्यांनी आईकडे पाहिलं. सासूबाईंनी मान खाली घातली. मालकांनी या पायावरून त्या पायावर वजन टाकलं.

"लेक येणार आहे म्हणे आज," धाकटे म्हणाले. "कशाला यायचं तिने? आजीने आयुष्यभर लांबूनच बघायचं त्या पोरीकडे. ज्या हातांनी दुपटं जाळलं ते हात..."

पुढचं मी सांगत नाही. ते बोलले ते पूर्ण बोलले, एवढं खरं. झबल्यातून, वहिनींच्या अंगठ्याखालून, धुराची एक बारीक रेघ निघाली. केसाएवढी. धाकट्यांनी ती पाहिली आणि बोट ओलं करायला तोंडात घातलं.

वहिनींनी खाली पाहिलं. शिवण. इथून सरळ. मग एक टाका आडवा. गाठ. गाठीत आत घेतलेला धागा, अर्धा. त्यांनी राहिलेला अर्धा ओढला. धुराची रेघ वर जाऊन विरली आणि तिच्या मागे दुसरी निघाली नाही.

त्या बोलल्या तेव्हा आवाज चढला नव्हता. म्हणूनच आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"भावजी, हे तुम्ही परवाच ठरवलंत. मी मागच्या दाराशी होते. आणि सासूबाई, तुम्ही 'ते नको' म्हणालात. एकदाच म्हणालात. आणि अहो, तुम्ही चादरी मोजायला सांगितल्यात." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मी निवलेय असं कुणी समजू नका. मी चिडलेय. इतकी चिडलेय की ह्या चादरी राहू द्या, अख्खं हॉटेल इस्त्री करून घडी घालून देईन. पण हा राग माझा आहे. मी उभी राहून राहून कमावलाय. तो तुमच्या चादरींना मिळणार नाही."

आणि इस्त्रीची मूठ सोडली.

"अगं पण गाडी येईल ना संध्याकाळी," मालक ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते उभ्याने ओरडले होते. त्यांनी झडप घालून इस्त्री उचलली, ती तिच्यापुढे आपटावी म्हणून, आणि चर्र.

त्यांच्या हाताला घाम होता.

मालक आपल्या हाताकडे बघत राहिले. मग आपल्या भावाकडे. "हे तुझं डोकं," ते म्हणाले. "प्लग बुजवणारा तू." इस्त्री आणखी तापली. "मी बुजवले? खुर्चीत बसून मान कोण डोलवत होतं?" धाकटे म्हणाले, आणि त्यांच्या हातातला पाण्याचा लोटा उकळायला लागला. "दोघं मेले एका माळेचे," सासूबाई म्हणाल्या, आणि स्टुलावर त्यांचा हात होता तिथून करपल्याचा वास आला.

चादरी इस्त्री झाल्या. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एकजण इस्त्री फिरवायचा, बाकी दोघं त्याला बोलायचे. दमले की इस्त्री गार व्हायची आणि चादरीला मध्येच सुरकुती राहायची, मग सासूबाईंना लहानपणीची एखादी गोष्ट काढून कुणाला तरी पुन्हा पेटवावं लागायचं. एकदा मालकांना धाकट्यांची दया आली तर एक अख्खी चादर फुकट गेली. कामात चोख माणसं, सांगितलं ना मी.

या सगळ्या गदारोळात दारात रिक्षा थांबली आणि लेक उतरली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी. आत आरडाओरडा, वाफ, आणि खुर्चीत बसलेली आई. तिने आईच्या हातांकडे पाहिलं.

"आई?"

वहिनी उठल्या. बोट ओलं केलं, आपल्याच तळव्याला लावलं. आवाज नाही. लेकीचा विश्वास बसेना. इस्त्रीवाल्याची लेक ती. तिने स्वतः बोट ओलं केलं आणि आईच्या तळव्यावर टेकवून बराच वेळ तसंच ठेवलं.

मग बाळ दिलं.

वहिनींनी ते दोन्ही हातांवर घेतलं. बाळाची एक भुवई जरा वर होती आणि कानाची पाळी दुमडलेली होती, कॉलरचं टोक दुमडतं तशी. त्या ती पाळी बघत होत्या. आणि बाळाने, आपल्याला कुणी एवढं निरखून बघतंय म्हटल्यावर, जे करायचं ते केलं. वहिनींची ओंजळ ओली झाली.

आत भांडण थांबलं. तिघांनीही कान टवकारले. इतक्या वर्षांची सवय, ओलं लागलं की आवाज यायला पाहिजे.

आवाज आला नाही. थेंब वहिनींच्या कोपरावरून ओघळून पायरीवर पडला.

वहिनींनी मान वर केली नाही. फक्त जरासा वास घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "चादर जळतेय."